पाणसळीवरचा लाल थेंब

विब्रेन, तिचा नवरा, गेला तेव्हा हिस्काला रडू आलं नाही. मार्चमध्ये त्याला पुरताना नाही, त्याचे बूट देऊन टाकतानाही नाही. आता जुलैत मोटारीमागे कॅरॅव्हॅन, म्हणजे त्यांचं चाकांवरचं घर, जोडून ती फ्रीसलंडहून फ्रान्सच्या डोंगरातल्या नेहमीच्या सुट्टीच्या तळावर एकटी आली होती, आणि आतून नुसती बधिर होती.

लेकीनं, नींकेनं, निघतानाच बजावलं होतं. "आई, या खेपेला एकटीला जमलं तर ठीक. नाहीतर कॅरॅव्हॅन विकायची. उगाच हट्ट नको."

"बरं," हिस्का म्हणाली. विकली काय नि ठेवली काय, तिला काहीच वाटत नव्हतं.

विब्रेनचं सगळं खटलं मात्र बरोबर होतं. कॅरॅव्हॅन जागेवर सरकवायचा रिमोट, लांब दांड्यांचे आरसे, बॅटरी मोजायचं यंत्र, कपाळावर बांधायचा दिवा, आणि घरचे बटाटे. फ्रान्समध्ये बटाटे मिळत नाहीत का रे, असं तिनं त्याला दर वर्षी छेडलं होतं; यंदा पोतं तिनंच भरलं. शिवाय सपाटी बघायची ती बुडबुड्याची पाणसळ. एवढी आयुधं बाळगून त्या माणसाला कॅरॅव्हॅन कधी सपाट म्हणून उभी करता आली नाही! ताटलीतले वाटाणे घरंगळायचे, बेसिनात पाणी तुंबायचं.

"डोळे फुटले का तुझे?" ती ओरडायची.

"असू दे गं," तो म्हणायचा. वर तिचं लाल नेलपॉलिश पाणसळीच्या काचेवर सांडून ठेवलेलं. त्यावरून चांगला अबोला झाला होता.

यंदा तिनं चाकाखाली फळी घालून बुडबुडा बरोबर मधोमध आणला. दर वर्षीचा शेजारी खेर्लोफ कॉफीचा मग घेऊन बघायला आलाच. कुणी कॅरॅव्हॅन लावत असलं की आपल्या मुलखातली माणसं तंबूत बसून राहतील तर शपथ.

"वा, हिस्काबाई! विब्रेनला जन्मात जमलं नाही ते पहिल्या फटक्यात केलंत!"

तिनं नींकेला फोटो पाठवला. वाटाणे ताटलीत गप्प बसले.

दोन-तीन दिवसांत पाय टम्म सुजले. सकाळी चपलेत शिरेनात. घरी पलंगाच्या पायथ्याखाली विब्रेननं विटा घातल्या होत्या, म्हणून तिथे निभायचं. प्रवासात मात्र कधीच सूज नसायची. सुट्टीची हवा मानवते मला, असं ती गावभर सांगायची.

हवा! तिनं पाणसळ हातात घेतली. लाल थेंब मधल्या खुणेच्या जरा डावीकडे होता, नीट गोल, मुद्दाम लावलेला. आणि बिछान्यात तिचे पाय डावीकडेच यायचे.

तिनं कॅरॅव्हॅनचे टेकू वर घेतले, डाव्या चाकापुढे आणखी एक फळी ठेवली आणि रिमोट दाबला. कॅरॅव्हॅन घरघरत वर चढली. बुडबुडा सरकत लाल थेंबाखाली येऊन थांबला.

"अहो बाई, वाकडी झाली!" खेर्लोफ पलीकडून ओरडला. "होत्याचं नव्हतं केलंत!"

तेवढ्यात नींकेचा फोन आला. "आई, कोण ओरडतंय? वाकडी झाली म्हणे? हे बघ, नाही जमत तर नाही जमत. आल्यावर विकून टाकू."

हिस्का पायरीवर बसली. सुजलेले पाय समोर, पाणसळ मांडीवर.

"विकायची नाही," ती म्हणाली. "बाबा लावायचे तश्शी लागलीय."

आणि तिला हुंदका फुटला.