आईचा ‘ना’

शब्दकोशाचे संपादक नुसते शिंकले, तरी शेजारी त्या शिंकेचं मूळ विचारायला यायचे. निदान संपादक तरी तसं सांगायचे. पण अर्धांगाच्या झटक्यानं त्यांच्या आईची वाचा गेली, ‘ना’ एवढा एकच शब्द उरला, आणि तो काही त्यांना उलगडेना.

त्यात थोरली बहीण आईला न्यायला आली.

“आई, येतेस माझ्याकडे?”

“ना.”

“बघ ताई, नाही म्हणाली!” संपादक खुश.

“मग इथंच, या बाळ्याकडे राहतेस?”

“ना.”

संपादकांनी कपाटातून जाडजूड ग्रंथ ओढले. “शब्द एवढासा, पण बारा गावचं पाणी प्यालेला! संस्कृतात, फारसीत नकार. रशियन माणूस ‘ना’ म्हणतो तेव्हा ‘हे घे’ म्हणतो. ग्रीक म्हणतो, ‘हे बघ’. आणि आपलं ‘बस ना’, ‘ये ना’? निव्वळ आर्जव! तुला म्हणाली तो संस्कृतातला. मला म्हणाली तो घरचा, लाडाचा.”

“वा रे शहाण्या! मला नकार आणि तुला लाड?”

कचेरीत कुणी असा सोयीचा अर्थ लावला असता, तर संपादकांनी त्याला आडवाच घेतला असता. त्यांचाच दंडक होता: आधी वापर ऐकायचा, मध्ये तोंड घालायचं नाही. ते मुकाट भिंतीशी बसले.

ताईनं उशी सारखी केली. “टोचते का गं?”

“ना.” आईनं मान तिच्या हातावर टाकली.

ताईनं शेजारणीच्या उखाळ्यापाखाळ्या काढल्या. “ना!” आईचे डोळे लकाकले. ताई बोलायची, थांबायची, आणि त्या थांबण्यात आई आपला ‘ना’ ठेवायची.

मग संपादक जवळ गेले. औषधं, डॉक्टर, व्यायाम, सगळं एका दमात सांगू लागले. “ना,” आई पुटपुटली आणि तिनं डोळे मिटले.

अर्थ लागला होता. तो त्यांना मुळीच आवडला नाही. तरी त्यांनी माळ्यावरची बॅग काढली.

“अरे, हे काय?” ताई चमकली.

“तुझ्याशी बोलते ती. माझं नुसतं ऐकते. घेऊन जा. मी येत जाईन.”

“आणि येऊन भाषण ठोकशील?”

“ऐकेन.”

“जमेल तुला?”

संपादकांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, मिटलं, आणि खाली बसून आईच्या चपला पुसायला घेतल्या.