लाटेचा नियम

छपरावर दातांच्या खुणा होत्या... अंगठा फिरवला की अजून लागत होत्या. लाकडाचं पिवळं घर, चिंचोक्याएवढं, आणि खेळाच्या खोक्यात इतकी पिवळी घरं साळसूदपणे पडलेली असताना नेमकं हेच तिच्या हाती आलं — आलं कसलं, तिने शोधून काढलं, उगाच स्वतःशी खोटं कशाला? डाव अडला की तिचा नवरा घर दातांत धरायचा. "अरे, लाकूड आहे ते, बिस्कीट नव्हे," ती म्हणायची, आणि तो घर तसंच तोंडात ठेवून म्हणायचा, "विचार करतोय." त्याला जाऊन दीड वर्ष झालं. तेव्हापासून खोकं कपाटावरच होतं.

"आई, सापडलं का?" बाहेरून थोरलीने हाक मारली.

"सापडलं गं, धूळ पुसतेय," ती म्हणाली आणि घर खिशात टाकलं.

मघाशी जेवताना थोरली किती सहज बोलून गेली — आज आपण चौघं आहोत, तो समुद्राचा खेळ काढू या! चौघं! चौथा म्हणजे थोरलीने ज्याच्याशी लग्न ठरवलंय तो मुलगा, आज पहिल्यांदाच घरी आलेला. लिफ्ट दुरुस्त करतो, म्हणून धाकट्याने पाहुण्याचे हात धुवून होईपर्यंत त्याचं 'लिफ्टवाला' असं बारसंही करून टाकलं. मुलगा वाईट नाही. स्वतःचं ताट स्वतः उचलून नेलं, बेसिनचा नळ गळत होता तो न विचारता घट्ट केला... वाईट असता तर सोपं झालं असतं. पण हिरवा थोरलीचा, लाल धाकट्याचा, निळा माझा, आणि उरतो तो पिवळा. त्याने पिवळा घेतला की संपलं — काय संपलं, हे तिला सांगता आलं नसतं.

टेबलावर किनारा पसरला. खाली निळं पाणी, वर वाळूचे चौकोन, पाण्याच्या जितकं जवळ बांधाल तितके गुण जास्त, आणि फाशावर लाटेचं चित्र आलं की तुमचं पाण्याकाठचं घर गेलंच. पाहुण्याने पिवळी घरं ओळीने मांडली आणि जरा थबकला.

"एक कमी दिसतंय. हा खेळ आमच्याकडेही होता, म्हणून म्हटलं."

"हरवलं असेल," ती घाईने म्हणाली. चोराच्या मनात चांदणं! हात आपोआप खिशावर गेला.

"चालेल काकू, आहे त्यात भागवू."

"लिफ्टवाले, जमेल ना?" धाकट्याने चिमटा काढला. "तुमचा सगळा कारभार वर-खाली. हे आडवं बांधायचंय."

"वर-खालीच बरं असतं रे. तिथे लाट येत नाही."

धाकटा खोखो हसला, तीसुद्धा हसली, आणि लगेच तिला स्वतःचा राग आला. त्याच्या खुर्चीवर बसून हा विनोद करतो आणि मी हसते... पण खुर्ची कधीतरी कुणीतरी घेणारच होतं, दीड वर्ष आम्ही तिच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवत होतो, ते काय फार शोभत होतं? फासा फिरला, थोरलीला लाट आली, तिचं हिरवं घर वाहून गेलं. ती धाकट्याकडे वळली आणि त्याच्यासमोर टेबलावर दोनदा टकटक केलं.

"कोणी आहे का घरात?"

"आहे, या," धाकटा तोंड वाकडं करून म्हणाला आणि आपलं एक लाल घर त्याने तिच्यापुढे सरकवलं.

पाहुणा बघतच राहिला. "हे काय?"

"नियम आहे," थोरली म्हणाली. "ज्याचं घर वाहून जाईल त्याने शेजाऱ्याचं दार ठोठावायचं, आणि शेजाऱ्याने नाही म्हणायचं नाही."

"आमच्याकडे असं नव्हतं. वाहून गेलं की गेलं, खोक्यात टाकायचं."

"तुम्ही नियम नीट वाचलेच नसणार," थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "आमच्या बाबांनी स्वतः मोठ्याने वाचून दाखवलाय."

वाचून... हो, वाचूनच. थोरली तेव्हा सहा वर्षांची, पहिलाच डाव, पहिलंच घर वाहून गेलं आणि हिची हनुवटी थरथरायला लागली, ही टेबलावरून उठलीच, आणि त्याने नियमांचा कागद पार नाकापर्यंत नेला — थांब थांब, उठू नकोस, इथे खाली बारीक अक्षरात काहीतरी दिलंय... बारीक अक्षरात! पण मी दिवसभर चष्म्याच्या दुकानात उभी असते, याचा चष्मा मीच बसवून दिला होता. चष्म्याशिवाय याला वर्तमानपत्राचा मथळा दिसायचा, त्याखालचं सगळं म्हणजे मुंग्यांची रांग. आणि त्या दिवशी चष्म्याचा स्क्रू ढिला झाला होता म्हणून तो दुकानात न्यायला माझ्या पर्समध्ये होता. माझ्याच पर्समध्ये! आणि मी मेली समोर बसून मान डोलावत होते. हा माणूस एक अक्षरही वाचत नव्हता...

ती एकदम हसली, इतकी की डोळ्यांत पाणी आलं.

"काय झालं आई?"

"काही नाही गं." सांगून टाकावंसं वाटलं, ओठांपर्यंत आलंही. पण थोरली केवढ्या विश्वासाने बघत होती.

पाहुण्याने तिच्याकडे पाहिलं, मग थोरलीकडे. "असेल," तो म्हणाला. "आम्हीच शेवटपर्यंत वाचलं नसेल."

त्याला कळलं. याला सगळं कळलं आणि तरी हा गप्प बसला, आणि ते तिला आवडलं — मनापासून आवडलं, उगाच कशाला नाकारायचं?

दोन फेऱ्या झाल्या आणि त्यालाही लाट आली. पाण्याला खेटून बांधलेलं त्याचं शेवटचं पिवळं घर गेलं. त्याच्या डावीकडे थोरली, उजवीकडे ती. त्याने मागण्याआधीच थोरलीने हिरवं घर उचलून धरलं होतं — नियमात न बसणारा लाड. आणि तिच्या ध्यानात आलं की आपण श्वास रोखून बसलोय. माझ्याकडे माग, तिला वाटत होतं, अरे, तिच्याकडे जन्मभर मागशील, आता माझ्याकडे माग... सकाळपासून जो येऊ नये असं वाटत होतं तो आपल्या दाराशी यावा म्हणून आपण असे उतावीळ झालोय, याचं तिला नवल वाटलं आणि थोडी लाजही. तिच्या पुढ्यात निळी घरं होती, त्यातलं कुठलंही चाललं असतं. हात मात्र खिशात होता.

तो उजवीकडे वळला. आजाऱ्याच्या खोलीबाहेर वाजवावं इतकं हळू त्याने टेबलावर वाजवलं.

"काकू... कोणी आहे का घरात?"

"आहे," ती म्हणाली. आवाज तिच्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. खिशात छपरावरच्या खुणा अंगठ्याला लागत होत्या, पण मूठ आता घट्ट नव्हती. 'या' म्हणायचं तेवढं बाकी होतं.