लाल रबरबँड

उपकरणांचा डबा आणि पॅराशूट घेऊन शाळेचा हवामान-फुगा ढगाआड गेला, मुलांनी टाळ्या वाजवल्या. बाई सवयीने म्हणाल्या, "हात."

घडीने दोन्ही मनगटं पुढे केली. दोन्ही रिकामी होती.

पॅराशूटची घडी तीच घालायची, म्हणून वर्गात तिचं नाव घडी. ने-आण करताना पॅराशूट उलगडू नये यासाठी त्यावर लाल रबरबँड चढवायचा, सोडण्याआधी काढून मनगटात घालायचा. मनगट पाहूनच बाईंनी इशारा द्यायचा. नियम मुलांचाच होता. गच्चीवरच्या पहिल्या चाचणीत बँड काढायचा राहिला आणि डब्याचे तुकडे झाले, तेव्हा केलेला. आज वारा सुटला, फुगा हातातून निसटायला लागला, आणि हात न बघताच बाई "सोडा" म्हणून गेल्या.

घडी खिसे चाचपत राहिली. वर इतकी थंडी असते, बँड आपोआप तुटेल, असं कुणीतरी म्हणालं. बाईंनाही ते खरं मानावंसं वाटलं. पण वर्षभर त्यांनी एकच सांगितलं होतं, की वाटतं ते करून बघा. प्रयोगशाळेच्या फ्रीजरमध्ये तसाच दुसरा बँड ठेवला. बऱ्याच वेळाने घडीने तो काढून ताणला. कडक झाला होता, तुटला नाही. वरची थंडी याहून पुष्कळ जास्त, पण तेवढ्या भरवशावर खाली माणसं उभी ठेवता येणार नव्हती.

पॅराशूट उघडलं असतं तर डबा वाऱ्याबरोबर वाहत शेतांत उतरला असता. आता फुगा फुटेल तिथून जवळच कोसळणार. नकाशाचं काम बघणाऱ्या मुलाने डबा कुठे पडेल त्याचा नवा गोल काढला. मधोमध बस डेपो होता.

"नक्की?"

"नक्की नाही, बाई. म्हणून तर गोल मोठा काढलाय."

बाईंनी आधी पोलिसांना कळवलं, मग डेपो मॅनेजरला. त्याला ती चेष्टा वाटली.

"मॅडम, आमच्या गाड्या प्रवाशांसाठी वेळेवर सुटत नाहीत, फुग्यासाठी सोडू?"

"फुगा नाही, डबा आहे. दगडासारखा येईल. चूक माझी आहे."

"आणि नाही आला तर?"

"तर मला हव्या तेवढ्या शिव्या द्या. आधी माणसं हलवा."

शाळेच्या गाडीतून सगळे डेपोच्या अलीकडच्या चौकात पोचले तेव्हा पोलीस शेवटच्या प्रवाशांना बाहेर काढत होते. एक म्हातारे गृहस्थ रांगेतला नंबर जाईल म्हणून बाक सोडायला तयार नव्हते. कंडक्टरने त्यांची पिशवीच उचलून नेली, तेव्हा मागोमाग आले.

फुगा फुटला. लॅपटॉपच्या स्क्रीनवर डब्याच्या उंचीचा आकडा कोसळू लागला. खालच्या दाट हवेत डब्याचा वेग कमी व्हायला पाहिजे होता, पण पुरेसा होत नव्हता. घडीने बाईंचा पदर मुठीत धरला होता आणि ते दोघींनाही कळलं नव्हतं. बाईंच्या नजरेसमोर फक्त चौकातली डोकी होती. गोल चुकला असेल तर?

शिट्टीसारखा आवाज आला, मग पत्रा फाटल्याचा.

शेडच्या छताला भोक पडलं होतं. खाली बाकाची फळी दुभंगली होती, डबा तिच्यात रुतला होता. म्हातारे गृहस्थ बाकाकडे बघत राहिले, मग फुटपाथवरच खाली बसले.

पॅराशूटची घडी अजून नीट होती, बँडसकट. घडीने मनगट पुढे केलं.

बाईंनी बँड काढला आणि स्वतःच्या मनगटात घातला.