काचेआडची बावीस इंच कंबर

मी कपड्यांच्या दुकानातील काचेआडची पुतळी बोलते आहे. घडवणाऱ्याने मला बावीस इंचांची कंबर दिली, डोके मात्र दिले नाही. दुकानाच्या मालकाने ते मागितलेही नाही. स्वतःचेही तो क्वचितच वापरी.

माझ्या अंगावरचा प्रत्येक कपडा पाठीमागून टाचण्यांनी आवळलेला असे. समोरून पाहणाऱ्याला वाटे, किती सुबक बसला आहे! रोज सकाळी मला असे खोटे बोलण्यासाठी उभे केले जाई.

मी आले तेव्हाच दुकानाला ओहोटी लागली होती. "थंडी सरेपर्यंत गिऱ्हाईक आलं नाही, तर कुलूप लावायचं," असे मालकाने आपल्या आईला सांगून टाकले होते. दुकान उभे केले होते ते तिने.

मग मालकाला साक्षात्कार झाला. संध्याकाळी कॉलेजातून परतणाऱ्या मुली माझ्यासमोर थांबत.

"आई, बघ! हेच आपलं खरं गिऱ्हाईक. कशा खिळून राहतात!"

त्याने मोठ्या मापाचे सारे कपडे माळ्यावर फेकले आणि बारीक कमरेचा माल भरला. तोही माझ्या अंगावर टाचावाच लागे.

मला डोळे नाहीत, तरी मला दिसले. त्याला दोन असून दिसले नाही. त्या मुली काचेत स्वतःचे केस सारखे करीत होत्या. एकीने दातात अडकलेले काढले आणि ती चालती झाली. उंबरठा एकीनेही ओलांडला नाही.

आत आली ती रुग्णालयातील एक परिचारिका.

"बाहुलीच्या अंगावरचाच द्या."

मालकाने तो उतरवला, तशा सात टाचण्या फरशीवर पडल्या. बाई खळखळून हसल्या. "अहो, तुमच्या बाहुलीलाच बसत नाही, तर मला काय बसणार?"

"ताई, हे तरुण मुलींसाठी आहे."

"मग त्यांनाच विका. आहेत कुठे त्या?"

बाई निघाल्या. दाराशी आई बसली होती. "थांब गं. काय हवं होतं, ते तरी सांगून जा."

"खिसा हवा, मावशी, किल्ल्या ठेवायला. हात वर केला की काखेत उसवणार नाही अशी बाही हवी. आणि देवानं पोट दिलंय, ते काय घरी ठेवून येऊ?"

आई ओशाळली. "इतकी वर्षं दुकान चालवलं, पण हे विचारायचं राहूनच गेलं बघ."

त्या दिवसापासून रिकाम्या हाताने परतणाऱ्या प्रत्येक बाईला ती थांबवू लागली. माळ्यावरचे कपडे खाली आले. शिंप्याने त्यांना खिसे लावले, बाह्या सैल केल्या. परिचारिका आल्या, शिक्षिका आल्या, त्यांनी जावा-नणंदांना आणले. थंडी सरली, कुलूप लागले नाही.

माझ्या कमरेला आता जुन्या चादरी गुंडाळल्या आहेत. अडतीस इंच भरते. पाठीत एकही टाचणी नाही.

बाबांनो, देवाने घडवलेल्या देहांना नावे ठेवून त्यांच्याच पैशांवर जगू पाहू नका. दारात आलेल्याला आधी विचारा.

मालक मात्र शेजारच्या दुकानदाराला सांगत असतो, "गिऱ्हाईक ओळखायला नजर लागते. ती माझ्याकडे आहे."

हे सांगताना तो काचेत पाहून आपले केस सारखे करतो.