सुट्टीची डोकेदुखी

मिलिग्रॅमचे डोके फक्त सुट्टीच्या दिवशी दुखत असे.

हे नाव तिला प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांनी दिले होते आणि ते सार्थ होते. औषधांच्या कारखान्यांतून, सराफांकडून, शाळांमधून आलेली वजने खरी आहेत की नाहीत हे ठरवणे तिचे काम होते. त्या खोलीला खिडकी नव्हती. एकामागोमाग दोन दारे होती आणि पहिले बंद झाल्याशिवाय दुसरे उघडायचे नाही, असा नियम होता. तराजू काचेच्या पेटीत असे. काच सरकवून वजन ठेवायचे, आकडा स्थिर होईपर्यंत श्वास रोखून धरायचा, कारण माणसाच्या उच्छ्वासानेही पारडे हलते. मग आकडा टिपायचा, मागे सरकायचे आणि श्वास सोडायचा. नवीन आलेली माणसे या खोलीत फार टिकत नसत. मिलिग्रॅमला तिथे बरे वाटे.

हे कोणाला पटत नव्हते. डॉक्टरांनी खोलीचे वर्णन ऐकले आणि मान डोलावली. "ताण आहे. दुसरं काय असणार? कामाच्या दिवशी दाबून ठेवता, सुट्टीला उसळतो. फिरा, वेळेवर झोपा, चहा कमी करा, दीर्घ श्वसन करा. आणि सलग रजा घ्या."

सल्ला चांगला होता आणि तिने तो प्रामाणिकपणे पाळला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही तिची शिस्त. आधी चहा, मग चष्मा, मग उशी. झोप सुधारली, डोके सुधारले नाही. शेवटी तिने रजा टाकली. आता आपण घरीच आहोत म्हणून आईजवळ दिवसभर बसणाऱ्या मदतनीस बाईंनाही रजा दिली, आणि डोके रोज दुखू लागले.

विभागप्रमुखांचा फोन आला. माणूस मनाने चांगला होता आणि पंचाईत तीच होती. "मॅडम, रजेनंही उतार पडत नाही म्हणजे ती खोली तुमच्या अंगातच मुरली आहे. सोमवारी रुजू झालात की मी तुम्हाला तक्रारींच्या टेबलावर बसवतो. खिडकीजवळची जागा आहे. मोकळी हवा!"

"सर, मला त्या खोलीत काही होत नाही."

"असं सगळेच म्हणतात, मॅडम. मग कारण काय ते तुम्ही सांगा."

कारण तिलाही अजून सापडले नव्हते. ज्या एका ठिकाणी तिचे डोके शांत राही, तेच ठिकाण तिच्या भल्यासाठी काढून घेतले जात होते, आणि हातात सोमवारपर्यंतचाच अवधी होता.

घर लहान होते. आईची खोली, तिला लागून स्वयंपाकघर, पुढे हातभर बाल्कनी. आईला अंधुक दिसे आणि आधाराशिवाय उठता येत नसे. तिला एकटी सोडून बाहेर पडणे शक्य नव्हते. त्यामुळे फिरणे म्हणजे ओट्यापासून बाल्कनीच्या कठड्यापर्यंत आणि परत. शनिवारी तिने दीर्घ श्वसनालाही पुन्हा एक संधी दिली. खुर्चीत डोळे मिटून बसली. मोबाइलमधला मऊ आवाज सांगत होता, श्वास आत घ्या, हळूच सोडा. पलीकडे पलंग करकरला. मग शांतता. तिने पुन्हा लक्ष दिले तेव्हा मोबाइलमधला आवाज बराच पुढे निघून गेला होता आणि तिने मधल्या वेळात काय केले, हे तिला आठवत नव्हते. कानशिलात ठणका सुरू झाला होता. घराच्या भिंती नेहमीपेक्षा हातभर जवळ आल्यासारख्या वाटल्या. भिंती सरकत नाहीत हे तिला ठाऊक होते. त्याचा उपयोग झाला नाही.

रविवारी धाकटा भाऊ आला. तो लोकांना गाडी चालवायला शिकवत असे आणि त्याचा आवाज कायम मागच्या सीटवरच्या माणसाला ऐकू जावा असा.

"काय ताई, काय म्हणतंय डोकं?"

"दुखतंय."

"तुझं डोकं दुखत नाही गं, डोक्यालाच तू दुखतेस. किती वापरशील!"

तो आईपाशी जाऊन बसला. मिलिग्रॅम पाण्याचा पेला घेऊन दारात उभी राहिली.

"ताई कुठे गेली रे?" आईने विचारले.

"ही काय, दारात उभी आहे."

"कधी आली? हिचा श्वासच ऐकू येत नाही मला. तू जिना चढतोस तेव्हापासून फुसफुस सुरू. मदतनीस तर भरदुपारी घोरते. हीच तेवढी भुतासारखी येते. हात लागला की कळतं."

धाकटा हसला. "माझ्या शिकाऊंचं हेच. चौक आला की श्वास बंद! मी ओरडतो, अहो, आधी श्वास सोडा, मग क्लच. नाहीतर संध्याकाळी मान धरून घरी जातात."

मिलिग्रॅमने पेला खाली ठेवला. आपले खांदे कानांपर्यंत चढले आहेत, हे तिला त्याच क्षणी कळले. पण एका निरीक्षणावर भरवसा ठेवणे तिच्या स्वभावात नव्हते.

"आज थांबशील? दिवसभर?"

"का? जेवायला काय आहे?"

"जे असेल ते. तू आईपाशी बस. तिचं काय हवं-नको ते तू बघायचं. मी आत येणार नाही."

ती स्वयंपाकघरात बसली. घर तेच, आई तीच, चहाही नेहमीचाच. पलीकडे पलंग करकरला की धाकट्याचा आवाज येई, "काय गं, उशी देऊ?" आणि तिला ऐकण्याची गरज उरत नसे. जेवणवेळेपर्यंत ठणका विरला.

यावरून काही सिद्ध होत नव्हते. भावाच्या नुसत्या येण्यानेही बरे वाटले असू शकते. म्हणून जेवणानंतर तिने उलटा प्रयोग केला. धाकट्याला स्वयंपाकघरात समोर बसवले आणि आई खोलीत एकटी. गप्पा रंगल्या होत्या. एका शिकाऊ काकांनी गाडी थेट भाजीच्या हातगाडीला नेऊन कशी टेकवली, हे तो हातवारे करून सांगत होता. मध्येच तो थांबला.

"ताई."

"हं?"

"श्वास घे. काका केव्हाचे हातगाडीत घुसलेत आणि तू भिंतीकडे बघत बसली आहेस."

थोड्या वेळाने पुन्हा तेच झाले. दुपार कलायच्या आत ठणका परतला होता.

आता एकच प्रश्न उरला. पूर्वीही आई याच खोलीत असे आणि सुट्टीचे दिवस सरळ जात. ते कधी बिघडले, हे आठवायला तिला कष्ट पडले नाहीत. आई पलंगाजवळ पडली होती, तेव्हापासून. मिलिग्रॅम शेजारीच स्वयंपाकघरात होती, जागी होती, आणि तिला काहीच कळले नव्हते. आई फरशीवर गुपचूप पडून राहिली होती.

ती आत गेली आणि आईचा हात धरला. "त्या दिवशी तू हाक का नाही मारलीस?"

"झालं ते गेलं."

"गेलं नाही, आई. मी अजून ऐकतेच आहे."

आईने पांघरुणाची कड चाचपली. "हाक मारली की तुझ्या हातातलं काहीतरी खाली पडतं. भांडं आदळल्याचा आवाज येतो. मग वाटतं, जाऊ दे, कशाला पोरीला पळवायचं."

"मी पळणार नाही. चालत येईन. पण तू हाक मारायची. पडलीस तर मार, आणि उशी सरकली तरी मार."

"पाणी हवं असेल तरी?"

"तरीही."

"मग आत्ताच सांगते, त्या पेल्यातलं पाणी मला अजून मिळालेलं नाही."

धाकटा दाराआडून म्हणाला, "घे! आता बस ऐकत." त्यालाही सोडण्यात आले नाही, आठवड्यातली एक सुट्टी त्याच्याकडे लागली. त्याने कुरकुर केली, आणि कबूल केले.

सोमवारी विभागप्रमुखांनी खिडकीजवळचे टेबल पुसून घेतले होते. "बोला मॅडम. सापडलं कारण?"

तिने सांगितले. एका घरातला, एका माणसावरचा प्रयोग आहे, म्हणून महिनाभर पाहावे आणि तोवर बदली करू नये, असेही सांगितले. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला आणि तराजूच्या खोलीची किल्ली तिच्या हातात दिली.

महिनाभर पाहिले. निष्कर्ष बदलला नाही. कारण असे होते: तराजूपाशी आकडा स्थिर झाला की श्वास सोडता येई. घरी आईच्या हालचालीकडे कान लावतानाही ती सवयीने श्वास रोखी आणि मान-खांदे ताठ धरी. तिथे मात्र ऐकणे संपल्याची खूण नव्हती, कारण आई पडली तेव्हा तिने हाक मारली नव्हती, आणि त्यानंतर शांतता म्हणजे सगळे ठीक आहे, असे मानायला मिलिग्रॅमकडे आधार उरला नव्हता.