धाकटीचा बेसूर

अडीचशे वर्षांपूर्वीचा विनोदी ऑपेरा, तोही आजवर फारसा कुणी न केलेला! "आजच्या लोकांना रुचेल का हे?" मी विचारलं, तर दिग्दर्शक म्हणाला, "मावशी, तुम्ही हसवलंत तर रुचेल." घ्या! म्हणजे पडलं तर खापर माझ्याच डोक्यावर.

माझं काम आगाऊ मोलकरणीचं. गाण्यांना अख्खा वाद्यवृंद असतो, पण मधलं बोलणंही गातच करायचं, आणि तेव्हा साथीला एकटं हार्प्सिकॉर्ड, म्हणजे पियानोचा पणजोबा. ते वाजवायला माझी धाकटी जाऊ. हिच्या हातून उभ्या जन्मात चुकीचा सूर निघालेला नाही, आणि हे ती कुणाला विसरूही देत नाही. घरात आमचं विळ्याभोपळ्याचं सख्य.

हल्ली मला शब्द दगा द्यायला लागले होते. तालमीत दोनदा अडले, तेव्हा दिग्दर्शकाने स्पष्टच सांगितलं, "पहिल्या प्रयोगात असं झालं, तर पुढच्या प्रयोगापासून दुसरी बाई." या वयात मला दुसरं काम कोण देणार, डोंबल?

पहिला प्रयोग रंगात आला. दुसऱ्या अंकात मालकाला झापायचं होतं. तोंड उघडलं आणि पाटी कोरी! थिएटर चिडीचूप.

तेवढ्यात धाकटीने ठणकन सूर वाजवला. तद्दन बेसूर! कुणीतरी फिस्सकन हसलं. तिने तोच पुन्हा वाजवला, माझ्याकडे डोळे वटारून. मला काय, निमित्तच हवं असतं. मी गातच तिला फैलावर घेतलं, "अगं ए, येत नसेल तर ऊठ तिथून! इकडे हा मालक, तिकडे तू, मी एकटी कुणाकुणाचं निस्तरू?" लोक हसून हसून बेजार. तिला झापता झापता मालकाला झापायचे शब्द आपसूक जिभेवर आले.

पडदा पडताच दिग्दर्शक धावत आला. मी खरं सांगणार, तोच धाकटी म्हणाली, "माझं बोट घसरलं. ताईंनी सांभाळून घेतलं."

"झकास! ही चूक रोज ठेवू."

तिचा चेहरा खर्रकन उतरला. तरी म्हणाली, "ठेवू."

आता प्रत्येक प्रयोगाला ती बेसूर वाजवते. पेपरवाल्याने लिहिलं, 'गाणारी अफलातून, वाजवणारी कच्ची.' ते वाचून मला रडूच फुटलं. म्हटलं, "बाई गं, तुझे उपकार कसे फेडू? मी सांगते सगळ्यांना खरं काय ते."

"गप्प बसा, ताई," ती म्हणाली. "मी कच्ची तर कच्ची. तुम्ही गायच्या थांबलात, तर वाजवू कुणासाठी?"