दोन बोटांचा फरक

गॅरेजमधले दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, याला आज नववा दिवस. कारण बावीस नंबरचा पाना. तो हरवला होता, आणि तो आपण हरवलेला नाही यावर दोघांचं पक्कं एकमत होतं. कामाचं मात्र त्यांनी अडू दिलं नव्हतं. थोरला गाडीची उजवी बाजू घ्यायचा, धाकटा डावी, आणि निरोप पोचवायला गाडीचा मालक मध्ये असायचाच.

आज मध्ये काका होते. एकवीस वर्षं त्यांनी एकच ट्रक चालवला होता आणि त्याचे पुढचे पाटे बदलायला आणले होते. पाटे म्हणजे पुढच्या चाकांवर गाडीचा भार झेलणारे पोलादी पट्ट्यांचे जुडगे. मागच्या आठवड्यात उतारावर डावीकडचा मुख्य पाटा तुटला आणि गाडी काकांना न विचारता दरीकडे निघाली. शेजारी काकू बसल्या होत्या. त्या ओरडल्या नाहीत, फक्त काकांकडे बघत राहिल्या. चाक कठड्याला टेकून थांबलं, तशा त्या खाली उतरल्या आणि तीन किलोमीटर चालत घरी गेल्या.

घरी म्हणाल्या, "पाटे बदलून घ्या. मग मी शेजारी बसून एक फेरी मारणार. गाडी जराशी जरी बाजूला ओढली, तर भंगारवाल्याचा नंबर आहे माझ्याकडे."

गाडी काकूंच्या नावावर होती. आणि चार वाजता त्या येणार होत्या.

"काका, त्याला म्हणावं, घोडा सरळ लाव," थोरला उजवीकडून म्हणाला. गाडीचं नाक दोन लोखंडी घोड्यांवर उचललेलं होतं. "वर ट्रक आहे म्हणावं, वाळवणाची खाट नाही."

काका डावीकडे वाकले. "दादा म्हणतात, घोडा जरा बघ."

"त्यांना म्हणावं, स्वतःचा घोडा बघा. जन्मल्यापासून ऐकतोय हे."

काका उजवीकडे वळले. "हो म्हणतोय."

काकांनी आयुष्यभर नाजूक माल पोचवला होता. काच, अंडी, एकदा तर कुणाचं तरी अख्खं झुंबर. फुटू नये म्हणून मध्ये पेंढा घालायची त्यांना सवयच होती.

दोनच्या सुमाराला नवे पाटे चढायला लागले. थोरला एक्सलखालून ओरडला, "त्या शहाण्याला सांगा, हा जुना सांगाडा आहे, त्याच्या हल्लीच्या गाड्यांसारखा नाही. यात पाट्याची आखूड बाजू पुढे येते. पण त्याला काय, तो डोळे घरी ठेवून येतो!"

यात टोमणे किती आणि काम किती, याचा काकांनी क्षणभर अंदाज घेतला. सगळे टोमणेच वाटले.

"दादा म्हणतात, जुनी गाडी आहे, सांभाळून."

"सांभाळतोच आहे," धाकटा म्हणाला.

साडेतीनला उजवी बाजू उरकली. काका उगाच समाधानानं नव्या पाट्यावरून हात फिरवत होते. पुढच्या ब्रॅकेटपासून मधल्या बोल्टपर्यंत तीन विती. मग डावीकडे गेले आणि तिथेही हात फिरवला. तीन विती आणि दोन बोटं.

त्यांनी पुन्हा मोजलं. हात तोच होता, वीतही तीच. एक चाक दुसऱ्यापेक्षा दोन बोटं पुढे बसणार होतं. आखूड बाजू पुढे येते, हे वाक्य आत्ता कुठे त्यांच्या कानातून डोक्यात पोचलं.

धाकटा शेवटचा नट आवळत होता. पाना कुरकुरला. अजून एक आटा.

आत्ता बोललं, तर डावा पाटा पुन्हा उतरवायचा. काकू येतील तेव्हा गाडी घोड्यावर, चाकं काढून ठेवलेली. नाही बोललं, तर चारच्या ठोक्याला फेरी. दोन बोटं म्हणजे काय? स्टिअरिंग जरा उजवीकडे दाबून धरलं, तर कुणाला कळतंय? धाकट्याला माहीत नाही, थोरल्याला दिसलेलं नाही.

पाना पुन्हा कुरकुरला. काकांना शेजारची सीट दिसली, आणि तिच्यावरून न ओरडता आपल्याकडे बघणारा चेहरा.

"थांब," ते म्हणाले.

"आता काय म्हणतात दादा?"

"दादा नाही. मी म्हणतोय. पाटा उलटा बसलाय."

धाकट्यानं मोजलं. मग नऊ दिवसांत पहिल्यांदाच त्यानं मान वर करून थेट विचारलं, "दादा, तू आखूड बाजू पुढे म्हणाला होतास?"

"ओरडून सांगितलं!"

"मला नुसतं 'सांभाळून' पोचलं."

दोघांनी एकदमच काकांकडे पाहिलं. भावांमध्ये समेट झाला होता, त्याची किंमत कोण देणार एवढंच बाकी होतं.

"काका, तुम्ही निरोप्या की सेन्सॉर?" थोरला म्हणाला.

"आणि माझ्या नावावर 'हो म्हणतोय' किती वेळा सांगितलंत?" धाकट्यानं विचारलं.

"सात-आठ वेळा," काका म्हणाले.

काकू आल्या तेव्हा डावा पाटा जमिनीवर पडला होता आणि दोघे भाऊ त्याच्यावर ओणवे होऊन एकमेकांना मनसोक्त शिव्या देत होते.

"माल उशिरा आला, काकू," धाकटा पटकन म्हणाला.

"नाही," काका म्हणाले. "उलटा बसला होता. माझ्या चुकीमुळे. साडेतीनला कळलं."

"मी चारला येणार हे ठाऊक असताना?"

"हो."

काकूंनी पाट्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. मग पदरानं एक टायर पुसलं आणि त्यावर बसल्या. "बसवा मग सरळ. मला घाई नाही."

सव्वासहाला ट्रक बाहेर निघाला. काकू सीटवर ताठ बसल्या होत्या, हात मांडीवर. उताराच्या अलीकडे रस्ता सरळ आणि मोकळा होता.

"स्टिअरिंग सोडा," त्या म्हणाल्या.

"अगं..."

"हळू करा आणि सोडा."

काकांनी वेग कमी केला आणि बोटं उघडली. काकू मनातल्या मनात आकडे मोजत होत्या, ओठ हलत होते. पाच. सहा. ट्रक कुरकुरत आपल्या रेघेवरून चालला होता. आठ. काकांनीही हात मांडीवर ठेवले. दहा.

"धरा आता," काकू म्हणाल्या. "उतार आला."